डोंग्यातून दिसलेला हंस

पक्षी पाहणारी माणसं शांत आणि सोशिक असतात असा एक समज आहे. तो आम्हीच पसरवलेला आहे. पंचवीस वर्षं या जमातीत काढल्यावर सांगते, आमच्याइतकी मत्सरी माणसं साड्यांच्या सेलमध्येही सापडायची नाहीत. कुणाला दुर्मिळ पक्षी दिसला की आम्ही ग्रुपवर 'वा, अभिनंदन' लिहितो आणि मनात म्हणतो, फोटो धूसर आहे, ओळख चुकली असणार. प्रत्येकाला एकच गोष्ट हवी असते. आपल्या भागातली पहिली नोंद. कुठल्यातरी जाड पुस्तकाच्या तळटीपेत का होईना, पक्ष्याच्या नावापुढे आपलं नाव. मी याला अपवाद नाही. मीही त्याच माळेतला मणी.

मी नागपुरात, धरमपेठेत राहते. एका ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाले. नोकरीत असताना रविवार हा एकच दिवस माझा असायचा आणि तो मी घरच्यांचा रोष पत्करून तलावांवर घालवायची. शहरातले तलाव तेव्हाच बाद झाले होते. एकाभोवती जॉगिंग ट्रॅक, दुसऱ्यात कारंजं. म्हणून मी स्कूटरवर बाहेर जायची. खाप्याकडच्या रस्त्यावरून आत वळलं की एक तलाव लागतो. मोठा नाही, एका बाजूला मातीची पाळ आणि बाकी तीन बाजूंनी पसरट काठ. नाव सांगत नाही. आता सांगून काही उपयोगही नाही.

तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा बेशरमाच्या झुडपामागे दुर्बीण लावून बसले होते. बेशरम म्हणजे तलावाकाठी माजणारी, फिक्या जांभळ्या फुलांची झुडपं. कितीही तोडा, पुन्हा येतात, म्हणून ते नाव. तेवढ्यात पाण्यातून आवाज आला.

"कोन होय वं थे? शिंगाडे चोराले आली का?"

मी दचकून उभी राहिले आणि समोरची दोनशे बदकं एकदम उडाली. शिंगाड्याच्या वेलींमधून एक डोंगा पुढे आला. एका खोडातून कोरलेला, जेमतेम दोन माणसं मावतील इतका अरुंद. त्यात साठीच्या आसपासची एक बाई लुगड्याचा काष्टा घालून उकिडवी बसलेली. हात कोपरापर्यंत काळे पडलेले, बोटांना काट्यांची भोकं. तलावाशेजारच्या गावातल्या ढिवरांपैकी ती होती. पिढ्यान् पिढ्या त्या तलावात तिच्या घरचे शिंगाडे लावत आणि मासे धरत आले होते.

"पाखरं पाहून राहिले," मी ओशाळून म्हणाले. घरी मी पुस्तकी मराठी बोलते, पण असं कुणी समोर आलं की माझीही जीभ मूळच्या वळणावर जाते.

"पाखरं? आणि उभी काहून राहिली मंग? उडवले ना सारे." ती हसली. तिचे पुढचे दोन दात नव्हते. "काठावरून का दिसते? बस इथं."

त्या दिवसापासून मी तिच्या डोंग्यात बसू लागले. मी तिला मावशी म्हणायची. ती मला बाई म्हणायची, शाळेतल्या बाईला म्हणतात तसं, पण मागे 'वं' लावून. कॉलेजातल्या सहकारी बायकांशी वीस वर्षांत जमलं नाही ते हिच्याशी दोन रविवारांत जमलं. तिला माझ्या पगाराचं, शिक्षणाचं, दुर्बिणीचं काही वाटत नव्हतं. दुर्बिणीतून एकदा पाहिलं आणि परत दिली. म्हणाली, "एवढं जवळ तं मले रोजच दिसते."

खरंच दिसायचं. तिच्या कामाची रीतच तशी होती. काठावरून माणूस चालत आला की पक्षी पन्नास पावलांवरून उठतात. पण शिंगाडे तोडणारी बाई डोंग्यात वाकून बसलेली असते, वेल उचलते, फळ तोडते, वेल परत पाण्यात ठेवते, डोंगा हातभर पुढे सरकवते. तासन् तास तेच. पक्ष्यांना ती पाण्यावरची एक वस्तू वाटते. "वाकलेल्या मानसाले पाखरू भेत नाही," ती म्हणायची. मी वाकायला शिकले. कंबर मोडून यायची, पण चक्रवाक चार हातांवरून पाहिले, चिखलात किडे टिपणाऱ्या तुतवारांची पिल्लांसारखी चुळबुळ पाहिली. आणि दर हिवाळ्यात हिमालय ओलांडून येणारे ते राखी हंस, ज्यांच्या डोक्यावर दोन काळे पट्टे असतात. पुस्तकात त्यांना पट्टकादंब म्हणतात. मावशी त्यांना पट्टेवाले म्हणायची, कचेरीतल्या शिपायाला म्हणावं तसं. "आले बरं तुहे पट्टेवाले," असा दिवाळीनंतर तिचा फोन यायचा.

पट्टेवाले तिथेच का यायचे, हे जीवशास्त्राच्या या शिक्षिकेला नऊ वर्षांत कळलं नाही. पावसाळ्याच्या तोंडावर मावशी आणि गावातल्या आणखी काही बायका छातीभर पाण्यात उतरून बेशरम उपटायच्या, जलपर्णी ओढून काठावर वाळत टाकायच्या, कारण शिंगाड्याच्या वेलीला ऊन लागतं. हिवाळ्यात पाणी हटलं की त्या साफ काठावर कोवळं गवत यायचं. हंस त्या गवतावर उतरायचे. इतकं सोपं होतं. मला वाटायचं, तलाव मुळातच तसा आहे.

आता त्या फॉर्मचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यातून आलं.

दर जानेवारीत पाणपक्ष्यांची मोजणी होते. आमच्यासारखे हौशी लोक आपापला तलाव घेतात, पक्षी मोजतात आणि छापील फॉर्म भरून पाठवतात. पक्ष्यांची नावं, त्यांची संख्या, पाण्याची पातळी आणि शेवटी एक रकाना: 'तलावाला असलेले धोके'. तो रिकामा ठेवला तर फॉर्म अर्धवट वाटतो. परीक्षेत प्रश्न सोडून दिल्यासारखं. पहिल्या वर्षी मी आजूबाजूला नजर टाकली आणि जे दिसलं ते लिहिलं: शिंगाड्याची लागवड, डोंग्यांची वर्दळ, मासेमारीची जाळी. दुसऱ्या वर्षी आधीच्या फॉर्मची प्रत समोर ठेवून तेच उतरवलं. तिसऱ्या वर्षी प्रतही लागली नाही.

सगळेच असं करतात, हे मी स्वतःची बाजू मांडायला सांगत नाही. कुणी गुरं लिहितं, कुणी कपडे धुणाऱ्या बायका. काठावर जो गरीब दिसेल तो धोका. तलावात नाल्याचं पाणी कुठून येतं ते पाहायला मागच्या बाजूने फिरावं लागतं, तिकडे चिखल असतो आणि वास येतो. तिकडे कोण जाणार? आणि मी हे कुठे बसून लिहायची? तिच्याच डोंग्यात. मांडीवर पॅड, एका हातात पेन, दुसऱ्या हातात तिने सोलून दिलेला कच्चा शिंगाडा. दुधासारखा गोड.

"काय लिहून राहिली वं बाई?" तिने पहिल्याच वर्षी विचारलं होतं.

"पाखरं," मी म्हणाले.

"लिही, लिही. तुह्या हातानं आमच्या तलावाचं नाव होईन."

नाव झालं. झालं तेही तिच्यामुळेच. नवव्या वर्षी, डिसेंबर संपता संपता तिचा फोन आला. आवाज दबलेला, जसं काही हंस फोनवरचं ऐकत होते. "बाई, पट्टेवाल्याईत एक येगळाच हाये. कपाळाले भस्म फासल्यावानी पांढरा. पोटावर काळे फरांटे. ये लवकर."

मी त्या वर्णनावरच उठून बसले. पांढऱ्या कपाळाचा हंस. उत्तरेत कधीतरी येतो, आपल्याकडे त्याची नोंदच नव्हती. म्हणजे मला माहीत असलेल्या यादीत तरी नव्हती. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत स्कूटर पाळीपाशी होती. धुकं इतकं होतं की पाणी कुठे सुरू होतं ते पायांना कळायचं. मावशीने मला डोंग्यात आडवं झोपवलं आणि माझ्या अंगावर, कॅमेऱ्यासकट, ओल्या वेली टाकल्या. थंडीने दात वाजत होते. ती नेहमीसारखी वाकून, वेल उचलत आणि ठेवत, काहीच घडत नसल्यासारखी डोंगा सरकवत राहिली. "हल्लू वं. डोकं खाली. आत्ता नको. आत्ता नको." आणि मग एकदम, "पाह्य आता."

धुक्यातून सूर्य जरा वर आला होता. काठावरच्या गवतात पट्टेवाले चरत होते आणि त्यांच्यात तो एकटा. अंगाने थोडा लहान, तपकिरी, गुलाबी चोच, चोचीच्या मुळाशी पांढराशुभ्र पट्टा. नारिंगी पाय दवाने चमकत होते. वाट चुकून भलत्याच थव्यात सामील झालेला. तो मान वर करून आमच्याकडे पाहायचा आणि पुन्हा गवत खुडायचा. मी फोटो काढले, किती ते आठवत नाही. मग कॅमेरा बाजूला ठेवला आणि नुसती पाहत राहिले. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आयुष्यात फार थोड्या वेळा मला इतकं निखळ सुख झालं आहे, आणि आज त्याची आठवणसुद्धा कडू लागते.

"एका पाखरासाठी रडते का वं?" मावशी तोंडाला पदर लावून हसली.

दोन आठवड्यांनी मोजणीचा फॉर्म भरला. त्यात वर लिहिलं: पांढऱ्या कपाळाचा हंस, एक. आणि त्याच पानावर खाली, हात आपोआप चालला: शिंगाड्याची लागवड, डोंग्यांची वर्दळ, मासेमारीची जाळी.

फोटो टाकल्यावर ग्रुपमध्ये जे व्हायचं ते झालं. एका ज्येष्ठ सद्गृहस्थांनी 'संकर असावा' असं मत दिलं, ज्यांनी त्या थंडीत अंथरूणही सोडलं नव्हतं. मग बाहेरच्या जाणकारांनी होकार दिला आणि त्यांचंही 'अभिनंदन' आलं. वर्तमानपत्रात फोटो आला. एका संस्थेने शाल, श्रीफळ दिलं. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी म्हणाले, 'स्थानिकांच्या मदतीने हे शक्य झालं.' स्थानिक! जिने फोन केला, जिने ओळखलं, जिने मला वेलींखाली झोपवून काठापर्यंत नेलं, ती 'स्थानिक'. ती त्या सभागृहात नव्हती, कारण तिला बोलवायचं मला सुचलं नव्हतं.

मग लोक आले. पाळीवर चारचाक्यांची रांग लागली. तोफांसारख्या लेन्स घेऊन माणसं उभी. एकही वाकलेला नाही. बसलेल्या हंसाचा फोटो सगळ्यांचा काढून झाला, आता उडतानाचा हवा होता, म्हणून एकाने टाळ्या वाजवल्या. दुसऱ्याने ड्रोन सोडला. दरवर्षी होळीपर्यंत राहणारे पट्टेवाले त्या वर्षी शिवरात्रीच्या आधीच गेले आणि तो पांढऱ्या कपाळाचाही त्यांच्याबरोबर गेला. मी ग्रुपवर रागावून लांबलचक लिहिलं. त्यावर हात जोडलेल्या चित्रांचा पाऊस पडला.

तेवढ्यावर निभावलं असतं तर बरं होतं. पण उन्हाळ्यात गावच्या पंचायतीत सभा लागली. तलाव पक्ष्यांसाठी राखीव करायचा प्रस्ताव होता आणि मला 'तज्ज्ञ' म्हणून बोलावलं होतं. मला आनंद झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. इस्त्रीची साडी नेसून गेले. टेबलापाशी मला खुर्ची होती. समोर खाली सतरंजीवर गावकरी आणि मागच्या बाजूला ढिवरांच्या बायका. त्यांच्यात मावशी. मला पाहून तिने शेजारणीला कोपराने ढोसलं. ती काय म्हणाली ते ओठांवरून कळलं: आपली बाई हाये.

वनखात्याकडून आलेले साहेब तरुण होते, बोलायला अगदी नम्र. त्यांनी योजना वाचून दाखवली. गाड्यांना बंदी, ड्रोनला बंदी. मी मान डोलावली. फलक, निरीक्षण मनोरा. ठीक. आणि मग, शिंगाड्याची लागवड आणि डोंगे कायमचे बंद.

मागच्या बाजूला गलका झाला. मावशी उठली नाही, ओरडली नाही. माझ्याकडे पाहत राहिली. ती निर्धास्त होती. बाई टेबलापाशी आहे ना.

मी साहेबांकडे वाकून म्हणाले, "त्याची गरज नाही हो. शिंगाड्याने काही होत नाही."

त्यांनी आवाज खाली आणला, माझी लाज राखण्यासाठीच बहुधा. फाइल माझ्यापुढे सरकवली. "मॅडम, हे तुमचंच अक्षर आहे ना?"

नऊ फॉर्म होते, एकावर एक नीट टाचलेले. प्रत्येकाच्या तळाशी तेच तीन शब्दसमूह, त्याच क्रमाने. माझं अक्षर चांगलं आहे, फळ्यावर लिहून लिहून वळणदार झालेलं. वाचता आलं नाही म्हणायची सोय नव्हती.

"आम्ही आधार यालाच धरला आहे. इतकी वर्षं सातत्याने नोंद दुसऱ्या कुणी केलेली नाही," साहेब म्हणाले. हे ते कौतुकाने म्हणाले.

त्या क्षणी मला एकच वाक्य बोलायचं होतं. मी हे न पाहता लिहिलं, सवयीने लिहिलं, हे खोटं आहे. तोंड उघडलंही होतं. आणि सगळ्यात वरच्या फॉर्मवर नजर गेली. त्याच पानावर, माझ्याच सहीनिशी, तो हंस होता. खालचं न पाहता लिहिलं म्हटलं, तर वरचं पाहून लिहिलं हे कोण मानणार? ते ज्येष्ठ सद्गृहस्थ तर टपलेलेच होते. पानाचा अर्धा भाग खरा आणि अर्धा खोटा, असं कुठे असतं?

मी म्हणाले, "तसा काही प्रमाणात त्रास होतो."

हळूच म्हणाले. मागे ऐकू गेलं नाही. साहेबांनी मात्र ते लिहून घेतलं. मावशीला वाटलं मी तिच्यासाठी भांडतेय. सभा संपल्यावर ती जवळ आली आणि म्हणाली, "तू बोल्ली ना वं त्याईले? पाहू मंग काय करते थे." मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. आजवर या हाताने इतकं निर्लज्ज काम दुसरं केलेलं नाही, फॉर्म धरूनसुद्धा.

त्यांनी करायचं ते केलं. त्या पावसाळ्यात वेली लागल्या नाहीत. डोंगे पाळीवर उलथे पडून राहिले. वेली नाहीत तर बेशरम कोण उपटणार, जलपर्णी कोण ओढणार? पहिल्या हिवाळ्यात काठ झाकला. दुसऱ्या हिवाळ्यापर्यंत पाणीच दिसेना. नुसता हिरवा गालिचा, वरून देखणा. पट्टेवाले आले, तलावावरून दोन घिरट्या घातल्या आणि निघून गेले. मी मनोऱ्यावर उभी राहून ते पाहिलं. मनोऱ्यावर वाकावं लागत नाही, आणि पाहायलाही काही नसतं. शेजारी मोठा फलक आहे: 'पक्ष्यांचं नंदनवन'. त्यावर पांढऱ्या कपाळाचा हंस. फोटो माझा, शिंगाड्याच्या डोंग्यातून काढलेला. नीट पाहिलं तर खालच्या कोपऱ्यात वेलीचं एक पान दिसतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. फक्त हात माझा आणि अवलक्षण तिच्या वाट्याला.

मावशी नागपुरात आली. म्हणजे राहते गावीच, पण हंगामात रोज सकाळच्या एसटीने येते, बाजारातून शिंगाडे घेते, उकडते आणि धरमपेठेत एका कोपऱ्यावर टोपली मांडते. शिंगाडे कुठल्या तलावातले ते तिलाही माहीत नसतं. आमच्या पेठेतल्या बायका एकादशीला तिच्याकडून घेतात आणि ताजे नाहीत म्हणून कुरकुर करतात. तो तलाव राखीव करा म्हणून फिरलेल्या 'तलाव वाचवा'च्या अर्जावर त्यांच्यातल्या दोघीतिघींनी सह्या केल्या होत्या.

मला पाहिलं की ती टोपलीमागून हाक मारायची. "ये वं बाई." मापून दिल्यावर वर एक मूठ जास्तीची टाकायची. नको म्हटलं तर, "डोंग्यात खात होती तवा कोनी मोजलं होतं?" ती मूठ मी खायची नाही. तरी मी जात राहिले. न जाण्याचीही हिंमत नव्हती.

गेल्या हिवाळ्यात तिने सांगितलं, "बाई, एक कागद लिहून दे. आमचा तलाव आमाले परत द्या म्हना, पाखरंही गेले ना आता. तुह्या लिहिण्याले तिथं मान हाये."

मी हो म्हणाले आणि घरी येऊन चार दिवस कोऱ्या कागदापुढे बसले. शिंगाडा लावल्याने काठ साफ राहतो, हे लिहायला दहा ओळी पुरल्या. पण मग नऊ फॉर्मचं काय? ते खोडल्याशिवाय या दहा ओळींना किंमत नव्हती. पाचव्या दिवशी मी ते लिहिलं. धोक्यांचा रकाना मी दरवर्षी न पाहता भरला, सभेतही सत्य सांगितलं नाही, याला मी जबाबदार आहे. सही केली आणि स्वतः नेऊन दिलं.

नम्र साहेबांची बदली झाली होती. नव्या साहेबांनी वाचलं आणि म्हणाले, "मॅडम, अहवाल वर जाऊन मंजूर झाला. आता उलट लिहिलंत तर आम्ही कोणतं खरं धरायचं?" त्यांचं चूक म्हणायला जागा नव्हती. वरातीमागून घोडं नेल्यावर वऱ्हाडाने हसू नये अशी अपेक्षा तरी कशी करायची? त्या पत्राची प्रत ग्रुपवर पोचायला एक दिवसही लागला नाही. यादीत पांढऱ्या कपाळाच्या हंसापुढे आता प्रश्नचिन्ह आहे. ते सद्गृहस्थ कधी नव्हे ते गप्प आहेत. समाधानी माणूस बोलत नाही. मला वाटलं होतं, ते प्रश्नचिन्ह पाहून मी तुटून जाईन. तसं काही झालं नाही. त्या हंसाने फार महाग भाव लावला होता आणि तो चुकता दुसऱ्याच बाईने केला होता.

राहिलं होतं तिला सांगणं. दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. गिऱ्हाईक नव्हतं. तिने हसून हाक मारली आणि विचारायच्या आतच तराजू उचलला. मी टोपलीपाशी खाली बसले आणि सगळं सांगितलं. फॉर्म, तो रकाना, सभेतलं ते हळूच बोललेलं वाक्य, आता दिलेला कागद आणि त्याचं काय झालं ते. ती शिंगाड्यांवरचं ओलं फडकं सारखं करत ऐकत होती. 

मग म्हणाली, "डोंग्यात बसून लिहे, थेच कागद?"

"हो."

"मी इचारलं होतं तुले. काय लिहून राहिली म्हनून."

"हो."

"तू पाखरं म्हनली."

 ती रागावली असती, चारचौघांत शिव्या दिल्या असत्या तर मी तिचे पाय धरले असते. तिने तेही करू दिलं नाही. शिंगाडे पारड्यात टाकले. पारडं जरा खाली गेलं तेव्हा दोन शिंगाडे उचलून परत टोपलीत ठेवले. काटा मध्ये येईपर्यंत थांबली. पुडी बांधली आणि माझ्यापुढे धरली.

"घ्या म्याडम."

मी पुडी घेतली. उठताना 'येते मावशी' म्हणाले. ती तोवर रस्त्याकडे तोंड करून गिऱ्हाइकांना हाका मारायला लागली होती.